दुपारी एकची रात्र

“दिवे घालवा! अरे, रात्र झालीय, दिवे घालवा म्हणतो ना!”

ही आरोळी उठली तेव्हा शनिवारी दुपारचा एक वाजला होता. अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटातलं जुलैचं ऊन ड्राइव्हवेवर पापड भाजून काढत होतं, आणि मी बायकोच्या मावसबहिणीच्या बंद गॅरेजमध्ये हातात रिकामी प्लेट धरून उभा होतो. “आजोबा, इट्स वन इन दि आफ्टरनून!” त्यांची नात घराच्या आतल्या दारातून ओरडली. “ते तुमच्या शाळेत!” आजोबांनी उलटा दणका दिला आणि शेवटचा दिवाही घालवला. हे आजोबा म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. ग्रहण लावायचं तर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी अशा तिघांना एका रेषेत यावं लागतं, पंचांगवाल्यांना वर्षभर आधी गणित मांडावं लागतं. काकांना नुसतं गॅरेजच्या दाराचं बटन लागतं. भर दुपारी रात्र पाडणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि पडलेली रात्र इतकी खरी वाटेल असा तर मुळीच नाही.

ती रात्र मात्र इथली नव्हे, आफ्रिकेतल्या मोंबासाची. काकांनी उमेदीची सगळी वर्षं मोंबासात, म्हणजे विषुववृत्ताच्या अगदी उशाशी, बर्फाच्या कारखान्यात काढली. तिथले मासे त्यांच्या बर्फावर निजून थेट युरोपात उतरायचे, आणि काकांवर विश्वास ठेवायचा तर त्यांतले काही उतरल्या उतरल्या पोहायला लागायचे. अशा माणसाला लेकीने निवृत्तीनंतर अमेरिकेत आणलं, छान खोली दिली, मऊ गादी दिली. पण काकांनी आपलं घड्याळ काही बदललं नाही. अल्फारेटात दुपारचा एक म्हणजे मोंबासात रात्रीचे आठ. हिवाळ्यात अमेरिकेने घड्याळं मागे घेतली की काकांचे रात्रीचे आठ दुपारी बारालाच वाजायचे. “तुमचं सरकार काटे फिरवतं. मोंबासाचा सूर्य सरकारी नोकर नाही,” ते म्हणायचे.

आठच का, तर शनिवारी रात्री आठ वाजता काका आणि मावशी मोंबासात फिरायला निघत. त्या फिरण्याचं एक शास्त्र होतं. पाकीट घरी ठेवायचं. शर्टाच्या खिशात मावेल तेवढंच बरोबर घ्यायचं, आणि त्या खिशात आधीच चष्मा असायचा. समुद्राकाठी दीपस्तंभापाशी मोगो खायचा. मोगो म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कंद. तिकडे तो तळून, चीर पाडून, तिखट आणि लिंबू भरून देतात. मग चालत चालत खाडीवर यायचं आणि फेरीबोटीत चढायचं. पायी जाणाऱ्याला ती फेरी फुकट. त्यामुळे नवराबायको पलीकडे जाऊन, तिथे काहीएक काम नसताना, त्याच फेरीने परत यायची, आणि धक्क्यावरच्या कॉफीवाल्याकडून बिनदांडीच्या इवल्याशा कपातून कडू कॉफी प्यायची. “रात्र फुकट असते, जावईबापू,” काका मला सांगत. “लोक तिला उगाच टेबलखुर्च्या जोडतात आणि मग परवडत नाही म्हणून रडतात.” मावशीचं शास्त्र याहून सोपं होतं. कुठल्याही गाडीवर काहीही खाल्लं की ती म्हणायची, “मीठ कमी आहे.” मोगोला म्हणायची, नारळपाण्याला म्हणायची, एकदा कॉफीलाही म्हणाली. कॉफीवाल्याने गंभीर चेहऱ्याने तिच्या कपात चिमूटभर मीठ टाकलं, आणि ती म्हणाली, “आता बरी झाली.”

इकडे आल्यावर लेकीने, म्हणजे आमच्या ताईने, काकांच्या वाढदिवसाला सगळ्यांना अटलांटात एका उंच इमारतीच्या गच्चीवर जेवायला नेलं. काकांनी मेनूकार्ड उजेडात धरलं, अंधारात धरलं, लांब धरलं, आणि वेटरला विचारलं, “यात वारा धरलाय की तो वेगळा?” पाच मिनिटांत दोघं गायब. ताई कासावीस झाली, मी जिने धुंडाळले. शेवटी दोघं सापडली शेजारच्या पार्किंगच्या सर्वांत वरच्या मजल्यावर. कठड्यावर रुमाल पसरून घरून आणलेला मोगो खात बसली होती, आणि ज्याने त्यांना हाकलायचं तो सिक्युरिटीवाला मधोमध बसून लिंबू पिळत होता. “शहर तेच दिसतं इथून,” काका म्हणाले. मावशी म्हणाली, “मीठ कमी आहे.” सिक्युरिटीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने मान डोलावली.

मावशीचं आणखी एक खातं होतं ते कावळ्यांचं. मोंबासात कावळे फार, आणि ते सगळे आपले, हिंदुस्थानी. कधीकाळी जहाजांबरोबर गेलेले. तीच करडी मान, तोच घोगरा आवाज, चोरी करताना तोच निर्लज्जपणा. तिथले लोक त्यांच्या नावाने बोटं मोडतात; मावशी रोज सकाळी बाल्कनीत पोळी कुस्करून घालायची. “आपल्यासारखेच पोटासाठी आलेत बिचारे,” म्हणायची. अल्फारेटात आल्यावर इथल्या काळ्याकुळकुळीत, धष्टपुष्ट कावळ्यांना तिने एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाली, “हे खातील. पण ओळख ठेवतील असं वाटत नाही.”

ती गेली ती गेल्या वसंतात, झोपेतच, कुणालाही त्रास न देता. आणि दहाव्याला घोळ झाला.

वसाहतीतल्या तळ्याकाठी पिंड मांडले. भटजी दिवसा कुठल्याशा कंपनीचा डेटाबेस सांभाळणारे, त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढलेली. एरवी कचऱ्याच्या दिवशी ज्यांची जत्रा भरते त्या कावळ्यांतला एकही फिरकेना. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मग कबुल्या सुरू झाल्या. ताई हात जोडून म्हणाली, “आई, बाबांना मी कधी एकटं ठेवणार नाही.” कावळा नाही. “पोरीला मराठी शिकवीन.” नाही. “तुझं पितळी पातेलं गराज सेलमध्ये काढणार नाही.” तरी नाही. माझा तिथे काडीचा संबंध नसताना मीही भावनेच्या भरात सिगरेट सोडायचं कबूल केलं. कावळा आला नाही. सिगरेट तेवढी गेली, कारण शेजारी बायको उभी होती. तेवढ्यात तळ्यातून कॅनडाची ती दांडगी बदकं माना ताणत, फिस्कारत पिंडांवर चालून आली. बदकाने शिवलं तर चालतं का, याची सोय कुठल्याही पोथीत नाही. काका छत्री उगारून त्यांच्यामागे तळ्याला दोन फेऱ्या मारून आले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. शास्त्रात तीही सोय आहे. काकांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. “गवताच्या कावळ्याला ती फसायची नाही,” ते म्हणाले. “आयुष्यात एका भाजीवाल्याला तिला फसवता आलं नाही.” पिंड तसेच, न शिवलेले, जवळच्या नदीत सोडले.

काका त्याविषयी पुन्हा बोलले नाहीत. ताईला मात्र ते लागलं. लाल सिग्नलला गाडी थांबली की ती एकदम म्हणायची, “यार, इतकं सगळं प्रॉमिस केलं, आईचा माझ्यावर भरवसाच बसला नाही.” सिग्नल हिरवा व्हायचा, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि ती ड्राइव्ह करायला विसरलेली असायची.

दहाव्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी दुपारी एक वाजता काकांनी गॅरेजचं बटन दाबलं.

पहिल्यांदा आम्ही हसायलाच गेलो होतो. दाराशी टोपली, तिच्यात पाकिटं आणि फोन टाकायचे. आत एकच बल्ब, त्याला लाल जिलेटिन पेपर. इस्त्रीच्या टेबलावर विजेची शेगडी, तिच्यावर मोगो चुरचुरतोय. नातीने आणून दिलेल्या स्पीकरमधून समुद्र. बंद दाराकडे तोंड करून दोन घडीच्या खुर्च्या, एकीवर काका. दुसरीवर पहिली प्लेट वाढली जायची आणि पहिला कप ठेवला जायचा. तिच्यावर बसायचं नाही हे कुणाला सांगावं लागलं नाही. फेरी म्हणजे एक जुनं वॉशिंग मशीन होतं. काकांनी ते कुणाच्या तरी ड्राइव्हवेवरून उचलून आणलं होतं. टॉवेलात गुंडाळलेली वीट आत टाकून ते सुरू केलं की ते असं काही घुमायचं की जमीन हादरायची, टांगलेल्या सायकली किणकिणायच्या, आणि आम्ही सगळे वॉटर हीटरला धरून उभे राहायचो. “फेरीत कुणी बसत नसतं!” काका गरजायचे. “कडेला वाकू नका! ते मूल कुणाचं आहे, आत घ्या!”

मूल कुणाचंच नव्हतं. नात तर आत टीव्हीपुढे असायची.

हसू तिथे थांबायचं. मी जन्मात कधी आफ्रिकेत पाऊल ठेवलेलं नाही, पण त्या गॅरेजात ऐन जुलैमध्ये मला खाडीवरचा गार वारा मानेला लागलेला आहे. बायको म्हणते मी दहाचे शंभर करून सांगतो. बरं, मग नव्वद वजा करा. दहा तरी उरतातच ना? अंधारात त्या लाल उजेडात माणसं मोजली तर आम्ही दर वेळी एकाने जास्त भरायचो, आणि दार उघडून उन्हात आलो की बरोबर. दुसऱ्या खुर्चीवरचा कप बोटभर रिकामा असायचा. “इव्हॅपोरेशन,” बायको म्हणायची. ती इंजिनिअर आहे. पण हे म्हणताना तीही माझा दंड घट्ट धरायची. बाहेर आल्यावर ओठांवर जीभ फिरवली की खारट लागायचं. घाम असेल. असेल बुवा.

आणि मग ती खरखर. फेरी थांबली, कॉफी ओतली, दोन घटका सगळं शांत झालं की गॅरेजच्या दाराच्या खालच्या कडेशी, बाहेरून, काहीतरी ओरखडायचं. खर्र. थोडं थांबून, खर्र खर्र. कुणी नखाने हळूच, अपराध्यासारखं दार वाजवावं तसं. दर शनिवारी. ताई म्हणायची खार असेल. मी म्हणायचो वारा असेल. काका फक्त हात लांब करून स्पीकरचा समुद्र मोठा करायचे. इतका मोठा, की मोंबासात त्या वेळी भरती आली असेल.

ऑगस्टातल्या एका शनिवारी विटेवरचा टॉवेल सुटला. मशीनने एकदा हंबरडा फोडला, एक उडी मारली, आणि गॅरेजची वीज गेली. लाल बल्ब गेला, शेगडी गेली, समुद्र गेला. मी आयुष्यात बरेच अंधार पाहिलेत, पण हा अंधार आमच्याकडे बघत होता. आत आम्ही चौघं होतो: काका, ताई, बायको आणि मी. चौघांचाच श्वास ऐकू येत होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

खर्र.

आज ते झाकायला समुद्र नव्हता. खर्र, खर्र, आणि पाठोपाठ ठक् ठक् ठक्. बायकोची नखं माझ्या दंडात रुतली. मी धीर द्यायला तोंड उघडलं, तर त्यातून घराण्याची अब्रू घालवणारी किंकाळी बाहेर पडली. तिला बाहेरून उत्तर आलं. घोगरं, वैतागलेलं, उंबऱ्यावर ताटकळलेल्या पाहुण्यासारखं.

“काव.”

“बाबा,” ताई अंधारात म्हणाली. तिचा आवाज तिचा नव्हताच. “बाबा, कावळा आहे.”

“रात्री कावळे येत नसतात,” काका म्हणाले.

“काका, रात्र मोंबासात आहे!” मी ओरडलो. “इथे टळटळीत दुपार आहे! तो बिचारा दर शनिवारी येतोय, आणि तुम्ही दार लावून बसता. आत कसा येणार तो?”

“मला कळत नाही होय?” काका म्हणाले. अजिबात ओरडून नाही. इतकं हळू बोलता येतं त्यांना, हे मला त्या दिवशी कळलं.

मी चाचपडत विजेच्या पेटीकडे सरकलो. “राहू दे,” ते म्हणाले. मी राहू दिलं.

“तळ्यावर तुम्ही सगळे कबुल्या देत होतात,” अंधारातून काका बोलत राहिले. “मी काहीच बोललो नाही, लक्षात आलं का कुणाच्या? मी मनात एकच म्हणत होतो, शिवू नकोस रे. शिवू नकोस. तो शिवला की ती गेली. मग शनिवारी मी कुणाबरोबर जायचं?” थोड्या वेळाने म्हणाले, “बाळ, तुझ्या शब्दावर तिचा भरवसा होता. मधे मी आडवा आलो होतो.”

ताई रडत होती, पण सिग्नलला आतल्या आत कुढायची तसं नाही. मोकळं, नाक ओढून, लहान मुलीसारखं. “बाबा, उन्हात थांबलाय हो तो,” ती म्हणाली. “आईला ऊन सोसायचं नाही.”

अंधारात खुर्ची करकरली. कुठली, ते मला विचारू नका. मग काकांची पावलं ऐकू आली. वीज नसताना गॅरेजचं दार हाताने उचलायला एक लाल मुठीची दोरी असते. ती त्यांनी ओढली आणि दार उचललं. दार वर जाताना जमिनीलगत आधी उजेडाची एक रेघ उमटली, मग पट्टा, मग सबंध ऊन एकदम आत कोसळलं. मोंबासाची ती रात्र, एवढे दिवस खपून जमवलेली, आमच्या डोळ्यांदेखत फिकी पडत गेली. उरलं ते जुनं मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि ऑइलचे डाग.

उंबऱ्यावर कावळा उभा होता. लहानखुरा, उन्हाने चोच वासलेला. त्याची मान करडी होती. बायको म्हणते, ड्राइव्हवेवरची धूळ बसली असेल, म्हणू दे. तो टुणटुणत आत आला. माझ्या प्लेटकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही, ताईच्या पायाजवळून गेला, दुसऱ्या खुर्चीवर चढला, प्लेटीतला तिखट भरलेला मोगो एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला, चोचीत धरला. मान वाकडी करून काकांकडे बघितलं. काकांनी, का कोण जाणे, त्याच्याकडे बघून पदर सावरावा तसा आपला शर्ट नीट केला. आणि मग तो उडाला. समोरच्या मॅग्नोलियाच्या झाडावरून, छपरावरून, दिसेनासा झाला. आम्ही उन्हात येऊन मोजलं. चौघं. ओठ कोरडे होते.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम एक वाजताच गेलो. गॅरेज सताड उघडं. समुद्र नाही, फेरी नाही, लाल बल्ब नाही. एक खुर्ची घडी करून भिंतीवर टांगलेली; दुसरीवर काका, भर उन्हात, मांडीवर मोगोची प्लेट. नात शेजारी जमिनीवर बसून त्यातलाच खात होती. काकांनी माझ्यासाठी बादली पालथी घातली. बराच वेळ आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. डोळे मिटले तर फेरीचं इंजिन वाटलं असतं, पण दोघांनीही मिटले नाहीत.

शेवटी मला राहवेना. “काका,” मी विचारलं, “त्या दिवशी जाताना… काही म्हणाली का हो?”

काकांनी मोगोचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

“मीठ कमी आहे म्हणाली.”